सुध्याला पत्र

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

फोनवर तपासणीचं काढलं की तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि लगेच क्रिकेटवर येतोस. म्हणून लिहितोय. निदान मधेच तोडता तरी येणार नाही तुला.

"जखम आपोआप बरी झाली, म्हणजे काही नव्हतंच" असं तू म्हणालास. दुखत नव्हती, खाजत नव्हती, मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली आणि गेली. अरे लेका, सिफिलिस नावाच्या गुप्तरोगाची जखम असतेच अशी! संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते, बहुतेकांना दुखत नाही, आणि ट्यूब लावा नाहीतर राख लावा, तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. जंतू मात्र अंगात तसेच राहतात. तुझं गणपतीत झालं, नवरात्रात जखम उठली, दिवाळीला साफ. हिशोब जरा जास्तच जुळतोय. नसेलही तसं. पण बघून सांगायला आता जखमच नाही, तेव्हा रक्त तपासण्यावाचून इलाज नाही.

आणि तो एचआयव्हीचा रिपोर्ट खिशात घालून फिरणं बंद कर. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काढलेल्या रक्तात गणपतीतलं काय दिसणार? लॅबमधल्या नव्या चाचणीलाही पक्कं सांगायला 45 दिवस लागतात, सरकारी केंद्रातल्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरतात. म्हणजे आता एकदा कर आणि तीन महिने भरल्यावर पुन्हा. (72 तासांच्या आत गेला असतास तर एचआयव्ही टाळायच्या 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या. ती वेळ गेली, त्यावर आता झुरू नकोस.)

मी हे ऐकीव सांगत नाहीये. गेल्या वर्षी मृणाल म्हणाली, पुढे जायच्या आधी दोघंही तपासून घेऊ. मला धास्ती एचआयव्हीची. तो निगेटिव्ह आला आणि खाली बारीक अक्षरांत व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, रिअ‍ॅक्टिव्ह, 1:16. मला जखम कधी झालेली आठवतसुद्धा नाही. व्हीडीआरएल मलेरियानं, गरोदरपणानंही खोटा लागू शकतो, म्हणून त्यावर खात्रीसाठी सिफिलिसचीच दुसरी चाचणी, टीपीएचए, करतात. माझा तोही पॉझिटिव्ह आला.

तुला भीती रांगेची आहे ना? सरकारी दवाखान्यात बोर्ड असतो 'त्वचा व गुप्तरोग विभाग', आणि त्या बोर्डाखाली अर्धी रांग नायट्याची! माझ्या पुढे एक आजोबा मान खाजवत, मागे एक कॉलेजकुमार पिंपल्स घेऊन. कोण कशासाठी आलंय हे कुणाच्या बापाला कळत नाही. पुढे एचआयव्हीच्या समुपदेशन केंद्राबाहेर गरोदर बायका आणि टीबीचे पेशंट बसलेले, कारण ही चाचणी त्यांचीही करतात. आत बाईंनी दार लावलं. टेबलावर रजिस्टर, पेनस्टँड आणि त्याच्याच शेजारी कंडोम चढवून दाखवायचं लाकडी लिंग, अगदी पेपरवेट असावं तसं. बाईंनी एकदाही "असं का केलंत" विचारलं नाही. कुणाशी, किती दिवसांपूर्वी, कंडोम होता का, एवढंच. 2017 च्या कायद्यानं एचआयव्हीची चाचणी तुझ्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट सहसा तिसऱ्याला सांगता येत नाही. पैसेही लागत नाहीत.

उपचार म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्या. आधी टेस्ट डोस देऊन बसवून ठेवतात. मग सिस्टर पांढरी पावडर पाण्यात घोळवतात आणि सुई चोंदायच्या आत भराभर टोचतात. औषध दाट, सुई जाड. खोटं सांगत नाही, दुखतं. दोन दिवस मी स्कूटरवर तिरका बसत होतो. त्या रात्री तापही आला, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की जंतू मरताना असा ताप येतो, घाबरून धावत येऊ नका. आजार नवा असेल तर एवढ्यावर भागतं. मुरला असेल तर आठवड्याला एक अशी तीन.

पुढे अधूनमधून व्हीडीआरएल करून आकडा खाली येतोय ना ते बघायचं. माझा 1:16 चा 1:2 झालाय. टीपीएचए मात्र बहुतेकांचा जन्मभर पॉझिटिव्ह राहतो, त्यामुळे उद्या एखाद्या लॅबवाल्यानं तो बघून भुवया उंचावल्या तर मी इंजेक्शनचा कागद दाखवतो. तूही तो कागद नीट जपून ठेव.

चाचण्या नाव घेऊन मागायच्या: एचआयव्ही, व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी आणि सी. 'फुल बॉडी चेकअप'मध्ये कोलेस्टेरॉल असतं, हे सहसा नसतं. जळजळ किंवा पू असेल तर तेही सांग, मग लघवीची वेगळी तपासणी बघतील.

राहिली अर्चना. तू तिचे फोन उचलत नाहीस, हे मला अजिबात पटलेलं नाही. तिला कदाचित जखम दिसलीही नसेल, बायकांना ती आतही असू शकते. मृणालचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तरी डॉक्टरांनी तिलाही इंजेक्शन दिलं, कारण संबंध ताजा होता. मी तिला एवढंच म्हणालो, "माझ्या रक्तात निघालंय, तुझंही बघायला लागेल." ती चिडली, दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच रिक्षा करून गेली. तूही असंच सरळ सांग. कोणाकडून कोणाला आलं याचा पंचनामा नको.

लातुरात सगळे ओळखतात म्हणतोस, तर इकडे ये. बुधवारी रात्रीची गाडी पकड, गुरुवारी सकाळी मी स्टँडवर असतो. ओपीडी सकाळीच असते, नाश्ता करून ये, या चाचण्यांना उपाशी राहावं लागत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लहानपणी कधी निघाली होती का, ते काकूंना सहज विचार. कशाला म्हणून विचारलं तर दाढेचं काम आहे म्हण.

तुझा,
विन्या

ता. क. तोवर काही विचारायचं झालं आणि मला विचारायची लाज वाटत असेल, तर एड्स हेल्पलाइनला 1097 वर फोन कर. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.