एका रोमनासमोर दहा भाले: काकांना आभारपत्र

प्रिय काका,

नाव छापलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे.

प्राचीन युद्धांबद्दल मी आधीपासून वाचत होतो. राजे, सनावळ्या, कोण जिंकलं, सगळं पाठ होतं. पण सैन्य मैदानात नेमकं उभं कसं राहतं, हे तुम्ही छोट्या शिपायांच्या युद्धखेळात टेबलावर मांडून दाखवलंत. इ.स.पू. 197 मधली किनोस्केफालीची लढाई निवडलीत, मला मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपची बाजू दिलीत आणि फासा हातात देण्याआधी प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा हिशेब करायला बसवलंत. फॅलँक्समधल्या, म्हणजे भालाइतांच्या दाट रांगांमधल्या माणसाला रांगेत तीन फूट जागा. रोमन सैनिकाला ढाल-तलवार चालवायला त्याच्या दुप्पट. सरिसा हा भाला 14 हात लांब, त्यामुळे पहिल्या पाच रांगांची टोकं आघाडीच्या पुढे येतात. म्हणजे एका रोमनासमोर दोन माणसं आणि दहा भाले! हे कागदावर उतरल्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, "मग फिलिप हरला कसा?"

उत्तर खेळातच मिळालं. माझी उजवी फळी उतारावरून तुमच्या रोमनांना रेटत खाली निघाली होती, डावी अजून टेकडीवर पोचून नीट उभीही राहिली नव्हती. आणि हुकमाच्या फाशावर पडला एक. एकच गट हलवता येणार, कुठला हलवू? तेवढ्यात तुमची एक तुकडी माझ्या उजव्या फळीच्या पिछाडीला येऊन भिडली. प्रत्यक्षातही एका ट्रिब्यूननं, म्हणजे रोमन अधिकाऱ्यानं, 20 मॅनिपल (छोट्या तुकड्या) वळवून हेच केलं होतं. पॉलिबियसनं त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. एवढा लांब भाला घेऊन दाटीत उभा असलेला माणूस मागे वळणार कसा? टेबलावर नियम सोपा होता: मागे हटायला जागा नाही, बेस (शिपाई चिकटवलेली पट्टी) उचला. तो उचलताना फॅलँक्सचा कमकुवतपणा मला जितका कळला, तितका वाचून कळला नव्हता.

फाशावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, धुळीत आणि गोंगाटात सेनापतीचा हुकूमही असाच कधी पोचायचा, कधी नाही. मला वाटतं, कवायत झालेल्या सैन्याला फासा जरा जास्तच छळतो. तरी डीबीए या खेळासारखे, प्रत्येक बाजूला जेमतेम 12 बेस लागणारे नियम तुम्ही आधी शिकवलेत, हे फार बरं केलंत. जाडजूड नियमावलीनं सुरुवात केली असती तर मी पळालो असतो.

तुमचं रंगवलेलं सैन्य उसनं दिलंत, 15 मिलिमीटरच्या शिपायांचे डोळे रंगवत बसू नकोस म्हणालात, जुने ब्रशही दिलेत. त्या सगळ्याचे आभार यातच धरा.

आता एक मागणं. रफियाची लढाई मांडू या, इ.स.पू. 217. सीरियाचा राजा अँटिओकसचे 102 भारतीय हत्ती माझ्याकडे, इजिप्तचा राजा टॉलेमीचे 73 आफ्रिकी तुमच्याकडे. पॉलिबियस सांगतो की आफ्रिकी हत्ती भारतीय हत्तींच्या वासानं आणि चीत्कारानंच बिचकले. माझे हत्ती रंगवून होत आलेत. हत्तींची झुंज जिंकूनही अँटिओकस लढाई हरला, हे ठाऊक असूनच त्याची बाजू मागतोय. दिवस तुम्ही कळवा.

तुमचा,
हरलेला फिलिप