भायखळ्याच्या काकांना, आजीच्या वतीनं

आदरणीय काका,

तुमचं नाव कुठं यायला नको, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुम्ही जे सांगितलंत ते आमच्यासारख्या आणखी कितीतरी घरांना हवं असेल.

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात माझ्या आजीचे वडील गेले. टोळीवाल्याच्या, म्हणजे हमालांची टोळी चालवणाऱ्या मुकादमाच्या, हाताखाली रोजावर ओझी उचलणारा माणूस. आजी तेव्हा चार वर्षांची होती. डबा घेऊन गेले, आले नाहीत, प्रेतही सापडलं नाही. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं. आम्ही पुढे चौकशी केली, तर जिथं जाऊ तिथं ‘यादीत नाव नाही’.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयातल्या स्मारकापाशी तुम्ही भेटलात. हे स्मारक आमच्या ६६ जवानांचं आहे, एवढं सांगून तुम्हाला निघून जाता आलं असतं. तुम्ही विचारलंत, “तुमचे कोण होते?” माझं ऐकून घेतलंत आणि मग तो अख्खा दिवस माझ्यासमोर उभा केलात. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा त्या दिवसातून वाचलेली माणसं दलात होती, त्यांच्याकडून ऐकलेलं तुम्ही एवढी वर्षं जपलंत.

‘फोर्ट स्टिकीन’ हे नाव मला ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालेलं ते जहाज कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं, पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, हेही वाचलं होतं. पण त्याच जहाजावर कराचीला कापसाच्या हजारो गाठी चढवल्या आणि दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, खाली कापूस, वर स्फोटकं अशी रचना झाली, याचा अर्थ काय होतो ते तुम्ही समजावलंत. दुपारी जेवणाच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. नळ लावून शेकडो टन पाणी आत सोडलं, पण आग नेमकी कुठं आहे ते धुरात दिसेना. तुम्ही हातांनी दाखवलंत, की पाणी चढत गेलं तशा पेटत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेनं सरकत गेल्या. म्हणजे ती माणसं जीव तोडून करत होती तेच काम त्यांच्यावर उलटत होतं. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. जहाजाचा पत्रा तापून रंगाला फोड येत होते, तरी नळ सोडून कुणी हटलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. बातम्यांवर मात्र युद्धाची सेन्सॉरशिप होती.

आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ८० हजारांच्या आसपास माणसं बेघर झाली. मेलेल्यांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात. मधल्या त्या पाचशे माणसांकडे तुम्ही बोट दाखवलंत. जवान पटावर होते, म्हणून ६६ हा आकडा पक्का. रोजावरच्या हमालाचा पट कुणाकडे असणार? मुकादमाच्या डोक्यात, आणि मुकादमही त्याच धक्क्यावर. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला तो १९४८ मध्ये, चार वर्षांनी. ‘यादीत नाव नाही’ याचं खरं कारण मला त्या दिवशी कळलं. आजीचे वडील कुणी नाकारले नव्हते, त्यांना कुणी कधी लिहूनच घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांचा आजीचा सल यानं गेला असं म्हणणार नाही, पण त्यांच्यात काही कमी होतं म्हणून नाव नाही, ही तिच्या मनातली भीती गेली. तिनं ती आजवर कुणाला बोलूनसुद्धा दाखवली नव्हती.

आणि ते फूल. मी पिशवीतून झेंडू काढला खरा, पण तो दुसऱ्या कुणासाठी वाहिलेल्या जागी ठेवावा की नाही, कळेना. तुम्ही म्हणालात, “आमची नावं आहेत तशीच राहणार, त्यात कुणी घुसवायचं नाही. पण पाणी मारणारे आणि ओझं उचलणारे एकाच धक्क्यावर गेले. ठेव पोरी.” स्मारकाची शिस्त तुम्ही जराही ढळू दिली नाहीत आणि आमच्या माणसाला जागाही दिलीत. त्या दिवशी इतकं नीट मला बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

तुम्ही सांगितलं तसं मी त्या काळची मराठी वर्तमानपत्रं बघायला लागले आहे. नाव मिळेल ही आशा नाही. त्या आठवड्यात वस्ती कुठं हलवली, माणसं कुठं राहिली, हे कळलं तरी आजीची चार वर्षांची आठवण कुठल्या जागेची ते तिला सांगता येईल.

येत्या १४ एप्रिलला आजीला घेऊन येतेय. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, फार वेळ उभं राहवत नाही. कार्यक्रमाच्या वेळी कडेला एक खुर्ची मिळाली तर बरं होईल. तुम्हाला भेटायचं म्हणून तिनं आत्तापासून घाई लावली आहे. वडिलांचा चेहरा तिला आठवत नाही, पण त्यांच्या अंगाला येणारा तेलकापसाचा वास आठवतो, आणि तो खरंच गोदीचा होता का, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुमची,
गोदी कामगाराची पणती