सातविणीची साल पाठवत नाही

वेंगुर्ले,
आषाढ शुद्ध दशमी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

गुडघ्याची सूज उतरत नाही, सातविणीची साल कुरियरने पाठव, असं तू परवा म्हणालास. फोनवर मी गप्प बसले. साल पाठवणार नाही.

सालीत गुण नाही असं मी म्हणत नाही. हिरडी सुजली की ओवळाच्या (बकुळीच्या) सालीच्या काढ्याने मी अजून गुळण्या करते. तिच्यातल्या टॅनिनने तोंड तुरट होतं आणि हिरडी आवळल्यासारखी वाटते. तू घेतोस त्या गोळ्यांचं मूळही सालीतच आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलोची साल (झाड आपल्या वाळुंजाच्या गोतातलं) वाळवून, कुटून हिवतापाच्या पन्नासेक रोग्यांना दिली आणि रॉयल सोसायटीला तसं कळवलं. पुढे १८२८ मध्ये त्या सालीतून सॅलिसिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं, १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झाली. तिने सूज का उतरते, ते जॉन व्हेन या इंग्रज औषधशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं, त्याने ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ॲस्पिरिन ते बनूच देत नाही. पण जठराचं अस्तरही प्रोस्टाग्लँडिनच सांभाळतं. म्हणून रिकाम्या पोटी गोळी घेऊ नकोस, रे. गोळीवर निदान मिलिग्रॅम लिहिलेले असतात. काढ्यात काय आणि किती उतरलं, ते कोण सांगणार?

सातविणीची मला धास्ती आहे ती काजऱ्याच्या झाडामुळे. दोन्ही साली कडू, आणि एकदा सोलून वाळवल्या की ओळखणं कठीण. काजऱ्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. आरोग्यसेविका असताना वाडीतल्या एका माणसाला मी रिक्षातून रुग्णालयात नेलं होतं. पहाटे काळोखात कोणीतरी काढून आणलेली साल त्याने उगाळून घेतली होती. दार आपटलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं, आणि शुद्ध पूर्ण होती. तो वाचला. त्याचे डोळे मी विसरलेले नाही.

तुझे आजोबा पान खुडून दाखवायचे. "चीक इलो तर बघूया, नाय तर झाडाक हात लाव नको." चीक आला तरी ते पानं मोजत. सातविणीची पानं एका पेराभोवती चक्रासारखी, बहुतेकदा सात. काजऱ्याची समोरासमोर जोडीने, चकचकीत, देठापासूनच तीन-पाच ठळक शिरा, आणि चीक नाही. पुड्यातल्या सालीला पान कुठलं?

तीन आठवडे सूज म्हणजे नुसती लचक नव्हे. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, युरिक ॲसिड तपासायचं का, गुडघ्यातलं पाणी काढून बघायचं का, ते विचार. आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने.

परसातल्या दालचिनीची साल बाबांनी सोलून ठेवली आहे, ती पाठवते. चहात घाल, चवीपुरती. शनिवारी डॉक्टर काय म्हणाले ते रात्री कळव, मी जागी असेन.

तुझी,
आई