व्हिएतनाम सात दिवसांत? आधी पहिला दिवस तर ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला व्हिएतनामवरचा लेख वाचला. फोटो झकासच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सात दिवसांत पाच शहरं कोंबलीयत आणि ज्याच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही अशा माणसाला जे लागतं त्यातलं काहीच लेखात नाही. आम्ही गेल्या मार्चात जाऊन आलो, मी, आमचे हे आणि ७२ वर्षांच्या सासूबाई, तिघांचाही पहिलाच परदेश. टूरवाले वाईट असं मला म्हणायचं नाही, पण सासूबाई माळकरी, त्यांच्या वेळा सांभाळायच्या तर आपलं आपण जाऊ असं ठरलं. तेव्हा जे कळलं त्यातली मुख्य गोष्ट एकच, की सातव्या दिवसापर्यंतचा तक्ता करत बसू नका, पहिला दिवस मात्र तासातासाचा ठरवा, कारण घोळ सगळे त्याच दिवशी होतात.

आता आमचंच बघा. विमान शनिवारी रात्री १२:२५ चं. आम्ही खुशाल शनिवारी सकाळची सांगली-मुंबई ट्रॅव्हल्स बुक केली, आणि तिकीट बघून भाचा म्हणाला मामी अगं हे शुक्रवारी रात्रीचं आहे, तू मुंबईत पोचशील तेव्हा विमान जाऊन अर्धा दिवस झालेला असेल. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण हे खूप जणांचं होतं.

पुढचा घोळ हनोईत. पहाटेचं उतरलो, टॅक्सी केली, हॉटेल होआन कीम तळ्याजवळ जुन्या गावात. तर तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद! लोकांना मोकळं फिरता यावं म्हणून. कल्पना छान आहे हो, पण ड्रायव्हरने लांबच उतरवलं आणि बॅगा ओढत, सासूबाईंचा हात धरून, मोबाईलवर नकाशा बघत निघालो. हॉटेलात पोचलो तर खोली दुपारी २ ला मिळणार. रात्रभर न झोपलेली म्हातारी बाई सकाळी साडेआठला रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलीय. हॉटेलला आधी एक मेल केला असता, आम्ही शनिवारी पहाटे येतोय, गाडी कुठपर्यंत येते, खोली लवकर देता का, तर हे काहीच झालं नसतं. नाहीतर सरळ आदल्या रात्रीचे पैसे भरून खोली घ्यावी, म्हातारं माणूस बरोबर असेल तर ते पैसे वाया जात नाहीत.

व्हिसाचं सांगते. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच जायचं असेल तर सरकारी फी २५ डॉलर. पण गुगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट वर येतात, आमच्या ह्यांनी पहिला अर्ज अशाच एकीवर भरला आणि जवळजवळ तिप्पट पैसे गेले. पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट व्हीएन असा आहे का तेवढं बघा. दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडे बाईचं नाव आधारवर एक, बँकेत एक, पासपोर्टवर माहेरचं असं असतं. तिकीट आणि व्हिसा दोन्हीकडे पासपोर्टवर आहे अगदी तस्संच टाकायचं, नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही. आणि पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाच्या कामाचे दिवस मोजताना त्यांचे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे आयत्या वेळी अर्ज नको.

पैशांचं तर विचारूच नका. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला २९०-३०० डोंग (हे त्यांचं चलन) मिळत, म्हणजे लाखाची नोट म्हणजे आपले साडेतीनशे रुपये धरायचे. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह, आणि २० हजाराची आणि ५ लाखाची दोन्ही निळ्या. ह्यांनी शहाळंवालीला २० हजाराची समजून ५ लाखाची दिली, म्हणजे ७० रुपयांच्या जागी सतराशे. ती बाई हसली, नोट परत ह्यांच्या हातात ठेवली, ह्यांच्याच पाकिटातून बरोबर नोट काढून दाखवली. त्या दिवसापासून ५ लाखाच्या नोटा माझ्या पर्समधे. डोंग इकडे सहज मिळत नाहीत, कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्यायच्या आणि तिथं बदलायच्या, विमानतळावर फक्त टॅक्सीपुरत्या.

आणि कार्ड! मी स्वतः बँकेत नोकरी करते, आणि माझंच कार्ड तिथल्या एटीएममधे चाललं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परदेशातला वापर मुळात बंद असतो, ॲपमधे जाऊन चालू करावा लागतो, हे मी ग्राहकांना रोज सांगते आणि स्वतः विसरले. चालू करायला ओटीपी हवा आणि सिमला रोमिंग नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घरी बसून कार्ड चालू करा, नंबरला रोमिंग घ्या, निदान मेसेज यावेत एवढं तरी.

खाण्याची भीती होती. तिथं भाजीतही नुओक माम म्हणजे माशाचा सॉस घालतात, त्यामुळे नुसतं 'चिकन नको, मटण नको' सांगून भागत नाही. शब्द लक्षात ठेवायचा तो 'चाय', म्हणजे शाकाहारी. चहा नव्हे, चहाला हनोईत 'चा' म्हणतात! पाटीवर 'कम चाय' दिसलं की डोळे झाकून आत शिरायचं. त्यांच्या तिथीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, हे कळल्यावर सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या मग ही आपल्यातलीच माणसं. आणि रस्ता ओलांडायला त्याच आमच्यात हुशार निघाल्या. स्कूटरचा लोंढा थांबतच नाही, एका चालीने सावकाश चालत राहायचं, पळायचं नाही की मागे फिरायचं नाही, स्कूटरवालेच आपल्याला वळसा घालतात. वारीच्या गर्दीत चाललेल्या बाईला ते शिकवावं लागलं नाही, आम्ही दोघं मात्र पहिल्या दिवशी फुटपाथवरच.

लेखात 'दिवाळीच्या सुट्टीत जाण्यासाठी उत्तम' असं छापलंय, त्यावर माझा खरा आक्षेप आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनामचा पावसाचा हंगाम. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे आपली दिवाळी नुकतीच संपली होती तेव्हा, ह्वे आणि होई आनमधे मोठा पूर होता. देश उभा लांबलचक, उत्तरेचं हनोई ते दक्षिणेचं सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) रेल्वेने १७२६ किलोमीटर, त्यामुळे हवा एक नाहीच. मार्चात आम्हाला हनोईत भुरभुर आणि स्वेटर, होई आनला छान ऊन, आणि सायगावला म्हणे भट्टी. सायगाव आम्ही सोडूनच दिलं. चांद्र नववर्ष, तेत, जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्यात येतं, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्यांना गर्दी, ते टाळलेलं बरं.

सायगाव सोडल्यामुळे 'मी सन' नावाच्या ठिकाणाला अख्खा दिवस मिळाला, होई आनहून तासाभराचा रस्ता. तिथल्या जुन्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, १९९९ पासून जागतिक वारसा, काही देवळांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केलीय. पिंडीसमोर सासूबाई पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या होत्या. तुमच्या सात दिवस पाच शहरांत ही पंधरा मिनिटं कुठं बसली असती?

पुढच्या पुरवणीत असा लेख छापाल तेव्हा पाऊस कुठं कधी असतो आणि व्हिसाची सरकारी साइट कोणती, एवढी चौकट तरी टाका, फोटो एखादा कमी झाला तरी चालेल.

आपली,
एक वाचक, सांगली

ता.क. चार्जर बारीक दोन पिनांचा न्या, आपला तीन पिनांचा तिथं बसत नाही. आणि चटणीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका, आमच्या मुंबईलाच काढून घेतल्या.