थेटर गप्प होतं ती जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'बॉर्डर २' २३ जानेवारी २०२६ ला लागला तेव्हापासून आपल्या वाचकांच्या पत्रांत जुने आणि नवे असा वाद रंगला आहे, आणि मी तो रोज वाचतो आहे. एक वाचक म्हणतात, अभिजात युद्धपटाला पुन्हा हात लावणं हा गुन्हा आहे. दुसरे म्हणतात, आजच्या पोरांना आजचा सिनेमा पाहिजे, जुनं कवटाळून किती दिवस बसणार? आमच्या उमरग्यात चहाच्या हॉटेलात बसलं तरी हेच ऐकू येतं. 'शोले' मोठा की 'बॉर्डर', सनी देओलचा आवाज तेव्हाचा चांगला की आताचा, 'गदर'चा दुसरा भाग काढायला नको होता की बरं झालं काढला. बोलणारे सगळे मनापासून बोलतात. तरी ज्या गोष्टीवर सिनेमा ठरतो ती गोष्ट दोन्ही बाजूंकडून निसटते आहे असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

मी उमरग्याच्या एका थेटरात ऑपरेटर होतो. ते थेटर आता राहिलेलं नाही, तिथं मंगल कार्यालय आहे. हे सगळे सिनेमे मी खुर्चीत बसून कमी आणि मशीनच्या खोलीतल्या चौकोनी भोकातून जास्त पाहिले. ज्यांनी फक्त कॉम्प्युटरवरचा सिनेमा पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा सिनेमा पत्र्याच्या पेटीतून यायचा, रिळांच्या रूपात. मशीन दोन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं रीळ लावून, कार्बनच्या कांड्या पेटवून तयार राहायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र आणि आवाज तिकडं वळवायचा. चुकलं तर पडदा पांढरा आणि खाली बोंबाबोंब. त्यामुळं प्रत्येक खेळाला प्रत्येक रिळाचा शेवट डोळ्यात तेल घालून बघावा लागायचा, आणि त्याच वेळी खालचं सगळं थेटर ऐकू यायचं.

एकच सिनेमा दिवसाला चार खेळ असा आठवडाभर चालवला की शिट्ट्या कुठं पडतात ते पाठ होतं. त्यापेक्षा जास्त पाठ होतं ते थेटर कुठं गप्प होतं. शिट्टी खेळाखेळाला बदलते. मॅटिनीला कॉलेजची पोरं असली की जास्त, बाजाराच्या दिवशी आणखी जास्त. गप्प होण्याची जागा मात्र बदलत नाही. सहाच्या खेळाला बायकामाणसं असोत नाहीतर नऊच्या खेळाला हमाल आणि ट्रकवाले असोत, त्याच जागी सगळे गप्प.

१९९७ चा 'बॉर्डर' घ्या. सनी देओलच्या संवादाला शिट्ट्या पडायच्या, पैसे फेकले जायचे, हे खरं. पण रात्रीची मुख्य लढाई सुरू होईपर्यंत त्यात अर्ध्याहून जास्त सिनेमा होऊन जातो. तोवर काय आहे? वाळू, वाट बघणं, घरची पत्रं. एका जवानाची आंधळी आई. आजारी बायकोसाठी रजा मिळाली म्हणून नाचणारा आणि त्यावरून साहेबाची बोलणी खाणारा एक जवान. पत्रांचं ते गाणं सुरू झालं की आमच्या थेटरात पंख्यांची घरघर ऐकू यायची. लेडीजच्या बाजूला ज्यांची पोरं फौजेत होती त्या बाया पदर तोंडाला लावून बसायच्या. आणि लढाई जिंकल्यावर सिनेमा जल्लोषात संपत नाही, दोन्हीकडची प्रेतं आणि शत्रूलाही भाऊ म्हणणारं गाणं यांच्यावर संपतो. लोक उठून जाताना बोलत नसत. पुढचे टँक आणि स्फोट अंगावर आले ते त्या आधीच्या शांततेमुळं.

आता नव्या भागाकडं या. त्यात भूदल, वायुदल, नौदल तिन्ही आहेत, १९७१ चंच युद्ध आहे, आणि ते जुनं गाणं नव्या आवाजांत पुन्हा घेतलं आहे. गाणं घेतलं याला माझी हरकत नाही. हरकत याला आहे की गाण्याआधीचा तो कंटाळा, ती वाट बघणं आजकाल कुणाला परवडत नाही. वाट न बघता पत्र आलं तर त्या पत्राचं मोल काय?

एका वाचकानं लिहिलं होतं की जुना 'बॉर्डर' म्हणजे खरा इतिहास आणि नवा म्हणजे बनाव. हेही बरोबर नाही. जुना 'बॉर्डर' ज्या लढाईवर बेतला ती राजस्थानातल्या लोंगेवालाची लढाई ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब पलटणीचे शंभर-सव्वाशे जवान रात्रभर टँकांसमोर ठाण मांडून राहिले, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी टँक टिपले. आपल्या बाजूचे दोन जवान कामी आले. सिनेमात कितीतरी जास्त मरतात. सुनील शेट्टीनं ज्यांचं काम केलं ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग सिनेमात शहीद होतात; प्रत्यक्षात ते ती लढाई लढून घरी परतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. तेव्हा पहिला पवित्र आणि दुसरा भ्रष्ट अशी वाटणी करता येणार नाही. जुन्या दिग्दर्शकानंही गोष्ट आपल्या सोयीनं वळवली होती. फक्त त्याला माणसं बघायची घाई नव्हती.

'शोले'चंही तेच. आमच्याकडं तो पुन्हा पुन्हा यायचा, दरवेळी प्रिंट आणखी घासलेली, ओरखड्यांचा पाऊस पडत असलेली. गब्बरच्या तोंडचे संवाद खालचे लोक त्याच्या आधी म्हणायचे. पण ठाकूरच्या घरच्या माणसांवर गोळ्या चालतात आणि नंतर झोपाळ्याची करकर तेवढी उरते, तिथं एकही आवाज नाही. विधवा सून एकेक दिवा मालवत जाते आणि समोर ओसरीवर माउथ ऑर्गन वाजतो, तिथं नाही. म्हाताऱ्या इमामसाहेबाला पोराचं प्रेत चाचपडून ओळखावं लागतं, तिथं नाही. २००७ साली रामगोपाल वर्मांनी 'शोले' नव्यानं केला तेव्हा खलनायकाच्या जागी खुद्द अमिताभ बच्चन होता, तरी लोकांनी तो साफ नाकारला. नक्कल केली म्हणून लोक चिडले असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. 'शोले' स्वतः तरी कुठं आकाशातून पडला? जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराय'पासून गावानं लढवय्ये भाड्यानं आणण्याची ही गोष्ट जगभर फिरते आहे. वर्मांनी शिट्ट्यांच्या जागा उचलल्या आणि गप्प होण्याच्या जागा मागं ठेवल्या, एवढंच झालं.

२०१३ चा 'जंजीर' याच वाटेनं गेला, त्यावर वेळ घालवत नाही.

उलट उदाहरण 'अग्निपथ'चं. १९९० चा मूळ सिनेमा अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला, पण गल्ल्यावर पडला. त्यानं काढलेला आवाज लोकांना कळेना, म्हणून पुढं आवाज बदलून प्रिंट चालवाव्या लागल्या. २०१२ मध्ये करण मल्होत्रांनी तो पुन्हा केला, मुळात नसलेला रौफ लाला घातला, ऋषी कपूरसारख्या गोड चेहऱ्याच्या नटाला पोरींचा बाजार मांडणारा कसाई केलं, आणि सिनेमा चालला. माझं स्पष्ट मत आहे की पुन्हा करायचाच तर पडलेला सिनेमा करावा. ज्यात काहीतरी दमदार होतं पण जमलं नाही, त्याला दुसरी संधी मिळाली पाहिजे. जमलेल्याला दुसरी संधी कशाला?

बाहेरचंही एक सांगतो. नातवानं मला टीव्हीवर 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' दाखवला, २०२२ चा, पहिल्या महायुद्धावरचा, जर्मन लोकांनी केलेला. तो ज्या कादंबरीवर आहे तिच्यावर अमेरिकेत १९३० सालीच सिनेमा झाला होता आणि तोही गाजलेला. नव्याची सुरुवात अशी आहे: लढाईत मेलेल्या शिपायांचे गणवेश काढून गोळा करतात, रक्त धुतात, बायका मशिनीवर भोकं शिवतात आणि तेच कपडे नव्या भरतीच्या पोरांना देतात. एका पोराला आपल्या कोटावर दुसऱ्याच नावाची पट्टी दिसते. तो विचारतो, तर साहेब पट्टी ओढून काढतो आणि टेबलाखाली टाकून देतो. हा प्रसंग १९३० च्या सिनेमात नाही, कादंबरीतही नाही. नव्या माणसानं जुन्या गोष्टीत स्वतःची एक गप्प जागा शोधली. माझा नातू हातातला मोबाइल उलटा ठेवून बघत होता. अशी जागा शोधणाऱ्यानं खुशाल शंभर वेळा जुना सिनेमा काढावा.

आता आपल्याकडचं. आमच्या उमरग्यावरून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज याच रस्त्यानं सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी तिनं ताब्यात घेतला, आणि मुक्काम केला तो उमरग्याला. त्या दिवशी नळदुर्गच्या लढाईत शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, हा सन्मान मिळालेल्या अगदी पहिल्या वीरांपैकी ते एक. नर-मादी धबधबा बघायला पावसाळ्यात नळदुर्गला हजारो लोक येतात, त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. त्याआधीचे रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचे, महिने मात्र गावांनी कसे काढले ते सांगायला माणसं तयार नसायची. माझे वडील फौज आली तिथपासून पुढचं सगळं सांगायचे. त्याच्या आधीचं विचारलं की उठून गोठ्याकडं जायचे. मराठीत 'रझाकार' नावाचा सिनेमा २०१५ मध्ये येऊन गेला, तेलुगूतही त्याच विषयावर झाला. पण उमरग्यातल्या त्या मुक्कामाची रात्र, दारं लावून बसलेली घरं, बाहेर उभ्या गाड्या आपल्या की त्यांच्या हे न कळणारी माणसं, हे मी अजून कुठल्या पडद्यावर पाहिलं नाही. 'बॉर्डर'चा तिसरा भाग काढायच्या विचारात असलेल्यांनी एकदा आमच्याकडं येऊन जावं.

लातूर, धाराशिव आणि संभाजीनगरच्या थेटरमालकांनाही एक विनंती. डिसेंबर २०२५ मध्ये 'शोले' दुरुस्त करून, सेन्सॉरनं आणीबाणीत बदलायला लावलेल्या मूळ शेवटासह, थेटरात आणला गेला. म्हणजे हे करता येतं. यापुढं कुठल्याही जुन्या सिनेमाचा पुढचा भाग लावायचा झाला तर आदल्या आठवड्यात पहिल्याचा सकाळचा एक खेळ तरी ठेवा, तिकीट कमी ठेवा. आज वाद घालणाऱ्या बहुतेक पोरांनी पहिला 'बॉर्डर' मोबाइलवर, गाणी पुढं ढकलत पाहिला आहे. त्यांनी तो काळोखात, दोनशे माणसांबरोबर बघावा आणि मग भांडावं.

आणि आपल्याला विनंती अशी की येत्या १७ सप्टेंबरच्या अंकात झेंडावंदनाच्या फोटोंबरोबर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीही छापाव्यात. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली लेकरं आज पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, तेव्हा उशीर करू नये. माझ्या माहितीत अशी दोन-तीन घरं आहेत. आपला वार्ताहर उमरग्याला आला तर मी स्वतः बरोबर जायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
उमरगा, जि. धाराशिव