आधी गळके छप्पर पाहा
निवडक सरकारी शाळा आदर्श म्हणून विकसित करण्याच्या केंद्राच्या पीएम श्री योजनेतील शाळानिवडीचे वृत्त वाचले. शाळेची पक्की, सुस्थितीतील इमारत हवी, पटसंख्या राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त हवी, अशी मुळातच अट. त्यातही तालुक्यातून जास्तीत जास्त २ शाळा. आमच्या गावच्या शाळेत पावसाळ्यात पत्र्याखाली बादल्या मांडलेल्या असतात आणि दुसरीची मुले सतरंजी उचलून व्हरांड्यात बसतात. म्हणजे जिथे निधीची सर्वाधिक गरज, तीच शाळा अपात्र! ३० पटापर्यंतच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून वर्षाला १० हजार रुपये अनुदान. खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे त्यातच भागवायचे. आदर्श शाळा जरूर घडवाव्यात. पण राज्य सरकारने मोडकळीस आलेल्या शाळांची तालुकानिहाय यादी जाहीर करून दुरुस्तीचा निधी पटसंख्या न पाहता आधी त्यांना द्यावा.
– एक पालक