सभागृहात काय ठरलं, तेही गावाला सांग

ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कार्यअहवालाचा मसुदा मिळाला आणि सावकाश वाचून काढला. आमदार म्हणून निवडून येऊन वर्षही झालं नाही, तोच मतदारांपुढे लेखी हिशेब ठेवावा असं तुला वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. कोषागारात नोकरी केलेला माणूस म्हणून तू मला आकडे तपासायला सांगितलेस. बेरजा बरोबर आहेत. मला लिहायचंय ते मसुद्यात जे नाही त्याबद्दल. पत्र लांबेल, पण वेळ काढून वाच.

मसुद्यात सभामंडप आहेत, पेव्हर ब्लॉक आहेत, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीचं शेड, अंतर्गत रस्ते आहेत. ही कामं लोकांना हवी असतात आणि ती मागायला ते तुझ्याच दारी येणार. पण यातलं बहुतेक सगळं आमदार निधीतलं आहे, म्हणजे वर्षाला ५ कोटी. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ असे सगळे सदस्य धरले तरी ही रक्कम १,८३० कोटींवर जाते. १० मार्चला अजित पवारांनी मांडलेला अर्थसंकल्प होता सुमारे ७,००,०२० कोटींचा. म्हणजे राज्याच्या शंभर रुपयांतले जेमतेम सव्वीस पैसे आमदार निधीचे. तुझा अख्खा अहवाल त्या सव्वीस पैशांवर उभा आहे. उरलेल्या नव्व्याण्णव रुपये चौऱ्याहत्तर पैशांनाही सभागृहाची मान्यता लागली, आणि त्या सभागृहात आपल्या तालुक्याच्या वतीने तू बसला होतास. त्याचा उल्लेख एका ओळीतही नाही.

मला कळतं, लोक विचारतात ते रस्त्याचं. पण अर्थसंकल्पाचं त्यांना कळणार नाही, असं मात्र समजू नकोस. सोसायटीचं कर्ज, बचत गटाचा हिशेब, दूध संघाचं बिल यांत मुरलेली माणसं आहेत ही. त्यांना सांग, की यंदा राज्याची महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरली आहे आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. ४५,८९१ कोटींची तूट, तीही पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चातली. धरण किंवा पूल बांधायला काढलेलं कर्ज वेगळं, आणि रोजचा खर्च भागवायला काढलेलं वेगळं. कर्ज काढून बियाणं आणणं आणि कर्ज काढून किराणा भरणं यातला फरक आपल्या शेतकऱ्याला तू समजावून सांगायची गरजच नाही. तू फक्त आकडा त्याच्यापुढे ठेव.

लाडकी बहीण योजनेचंही असंच. आपल्या गावात ज्या घरी दरमहा १,५०० रुपये येतात, तिथे त्यांचं मोल काय आहे हे मी डोळ्यांनी पाहतो. बाईच्या स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ते बंद व्हावेत असं मी कधीही म्हणणार नाही. यंदा तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद आहे, म्हणजे शंभरातले पाच रुपये. निवडणुकीत कबूल केलेले २,१०० मात्र या अर्थसंकल्पात नाहीत. हे दोन्ही सांग. आणि योजनेला पैसा कमी पडला तेव्हा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांकडचा निधी तिकडे वळवला गेला, हेही सांग. त्या वेळी खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आपल्या मतदारसंघात वाड्या आहेत, पाडे आहेत, वसतिगृहांत राहून शिकणारी मुलं आहेत. त्यांच्या नावचा पैसा कुठे गेला हे त्यांना त्यांच्या आमदाराकडून कळायला हवं. तू कोणत्या बाकावर बसतोस यावर ते अवलंबून असता कामा नये.

पुढची गोष्ट पुरवणी मागण्यांची. मार्चअखेर अर्थसंकल्प मंजूर झाला आणि पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ३० जूनला, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त! राज्यघटनेच्या २०५व्या अनुच्छेदात ही सोय आहे, ती अनपेक्षित खर्चासाठी. पूर आला, दुष्काळ पडला, केंद्राच्या योजनेत राज्याचा वाटा वाढला, तर मागाव्याच लागतात. पण मार्चमध्ये जे ठाऊक होतं ते जूनमध्ये मागितलं जात असेल, तर मार्चचा अर्थसंकल्प वाचून कोणालाच काही कळणार नाही. कोषागारात बसून मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय आणि मला ते फार लागतं. अनुदान कागदावर असायचं, बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी यायचा नाही, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम सुटायचं. त्या गर्दीत बिलं पास व्हायची, पण काम नीट झालं की नाही हे बघायला कोणाकडे उसंत नसायची.

म्हणून अहवालात एक बदल मी हट्टाने मागतोय. प्रत्येक रस्त्यापुढे तू फक्त रक्कम लिहिली आहेस. तिथे ते काम आज कुठल्या पायरीवर आहे ते लिही. अर्थसंकल्पात नाव आलंय आणि पुढे टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद आहे, एवढंच का? प्रशासकीय मान्यता झाली? तांत्रिक मान्यता? निविदा निघाली? कार्यारंभ आदेश दिला? दिला असेल तर ठेकेदाराचं किती बिल निघालं आणि किती थकलं? नदीपलीकडच्या रस्त्यापुढे तू मोठा आकडा टाकलायस. लोक त्या रस्त्यावरून रोज जातात आणि तिथे खडीचा ढीगसुद्धा पडलेला नाही हे त्यांना दिसतं. ‘निविदा प्रक्रियेत आहे, तरतूद अपुरी आहे, पुरवणीत वाढवून मागितली आहे’ असं लिहिलंस तर ते थांबतील. नुसता आकडा वाचला तर पैसे कोणी खाल्ले असंच विचारतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

आता विधेयकांकडे येतो. माझ्या दृष्टीने अहवालाचा गाभा हाच असायला हवा, आणि तू त्यावर अवाक्षर लिहिलेलं नाहीस. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. कोणी मतविभागणी मागितली तरच कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंद होते. एरवी अध्यक्ष ‘होयचे बहुमत’ म्हणतात आणि कायदा होतो. त्यात तुझा आवाज कुठल्या बाजूचा होता, हे कामकाजाच्या छापील वृत्तांतातही सापडत नाही. तू बोललास तर भाषण सापडेल, मत सापडणार नाही. तेव्हा मतदाराला ते कळायचा एकच मार्ग उरतो, तू स्वतः सांगणं.

नक्षलवादी आणि तशा संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचंच घे. २०२४च्या जुलैत ते मांडलं गेलं, नव्या विधानसभेत पुन्हा आलं, संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, मसुद्यात बदल झाले, आणि यंदाच्या १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झालं. त्याच्या बाजूने बोलणारे आहेत, त्याची धास्ती घेणारे आहेत. तुझं मत काय होतं ते मी इथे विचारत नाही. पण आपल्या तालुक्यातल्या मोर्चाला जाणाऱ्या अंगणवाडी सेविकेला आणि धरणग्रस्ताला ते मत आणि त्याचं कारण तुझ्या शब्दांत वाचायला मिळालं पाहिजे. समितीपुढे येण्याआधी मतदारसंघात एखादी बैठक घेऊन कलमं वाचून दाखवता आली असती, तर त्या बारा हजारांत आपल्याकडच्याही काही सूचना असत्या. पुढच्या विधेयकाला तेवढं नक्की कर.

तुकडेबंदीबद्दल, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला असलेल्या बंदीबद्दल, तर तुला रोज फोन येत असतील. एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांबाबत महसूलमंत्र्यांनी जुलैत सभागृहात घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लागले. त्यांना समजावून सांग, की १९४७चा कायदा नुसत्या घोषणेने बदलत नाही. त्याला विधेयक लागतं किंवा अध्यादेश, आणि त्यानंतर कार्यपद्धती ठरते. तोवर एजंटाच्या हातावर पैसे ठेवू नका, एवढं एक वाक्य तुझ्या सहीने छापलंस तरी कित्येक घरं वाचतील.

दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केलं म्हणजे कायदा झाला, असंही नसतं. महिलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१मध्ये संमत झालं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा म्हणून लागू झालंच नाही. आपल्याकडे आजही लोक तो कायदा आहे असं धरून चालतात. एखादी आई पोलीस ठाण्यात जाऊन त्याचं नाव घेते आणि निराश होऊन परतते. ही माहिती तिला आमदाराने द्यायची नाही तर कोणी?

सभागृह कायदा आणि पैसा यांचा एकत्र विचार करतं आणि तो लोकांना समजतो, तेव्हा काय होऊ शकतं याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण रोजगार हमीचं आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते आणि त्या योजनेमागे विचार त्यांचा होता. पुढे १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. पण नुसता हक्क लिहून सभागृह थांबलं नाही. पैसा कुठून येणार ते आधीच, १९७५मध्ये, व्यवसाय कर लावून ठरवलं. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडं द्यायचं, हे त्यामागचं सूत्र. माझ्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जायचे. कार्यालयातल्या तरुण पोरांना मी सांगायचो, हे कुठून सुरू झालं ते माहीत आहे का? कोणालाच ठाऊक नसायचं. सांगितल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची कुरकुर कमी व्हायची, हे मी स्वतः पाहिलंय. कर का घेतला आणि कोणासाठी घेतला, हे कळलं की माणूस तो देतो.

तू नवा आहेस, म्हणून एक सुचवतो. दर अधिवेशनानंतर चारच पानं काढ. कोणते तारांकित प्रश्न विचारले आणि उत्तर काय आलं, तातडीच्या प्रश्नावरची कोणती लक्षवेधी सूचना लागली आणि कोणती पुकारलीच गेली नाही, कुठल्या विभागाच्या मागणीवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करण्याची सूचना) दिली, कुठल्या मागण्या वेळ संपल्यामुळे चर्चेविना मंजूर झाल्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन तारखेसह लिही. ते पाळलं गेलं नाही तर आश्वासन समितीकडे जाता येतं, हेही लोकांना सांग. फोटो एकच पुरे. ही पानं ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याने वाचून दाखवावीत. शक्य तिथे तू स्वतः जा आणि प्रश्न घे. पहिल्या दोन-तीन गावांत विषय रस्त्यावर आणि गटारावरच राहील, पण त्यामुळे खचू नकोस.

तुझे सहकारी म्हणतील, एवढं उघड केलंस तर पुढच्या निवडणुकीत विरोधक तुझाच कागद तुझ्यावर उगारतील. उगारू देत. खोटा आकडा त्यात नसला की झालं, आणि तो नसेल याची जबाबदारी माझी.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला आहे. त्याआधी सुधारलेला मसुदा पाठव. सोबत बांधकाम उपविभागाकडून कामनिहाय खर्चाची यादी मागवून घे, मार्चअखेरची आणि आजची अशा दोन्ही. दोन्ही शेजारी मांडून देईन. नदीपलीकडच्या रस्त्याच्या निविदेचा क्रमांक मिळाला तर तोही कळव, त्या गावातून दोघंजण माझ्याकडे विचारायला येऊन गेले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि रात्री उशिरापर्यंतचे दौरे थोडे आवर.

तुझा,
जुना मित्र